काटा मध्यावर आहे, म्हणजे विमान जागेवर आहे का?

खिडकीवाला

मंडळी, गेल्या आठवड्यात विमानाने घरी येताना एक प्रकार झाला, तो डोक्यातून जात नाहीये. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण चूक कोणाची, मुळात चूक होती का, हेच मला ठाऊक नाही.

संध्याकाळची वेळ, खाली ढग, पट्टे बांधलेले, पोरगी माझ्या दंडावर डोकं टेकून झोपलेली. चाकं खाली आल्याचा तो धडधड आवाज झाला. आता दोन मिनिटांत उतरणार म्हणून मी चपला पायात सरकवल्या, आणि इंजिनं एकदम गरजली. नाक वर, पाठ सीटला चिकटली. सगळं विमान चिडीचूप. पाचेक मिनिटांनी कॅप्टनबाईंचा आवाज आला, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक सांगावं इतका शांत. म्हणाल्या, जमिनीवरून येणारा उतरण्याचा सिग्नल आम्हाला भरवशाचा वाटला नाही म्हणून परत वर आलो, आता दुसऱ्या पद्धतीने उतरतोय. उतरलो. टाळ्या वाजल्या. पोरगी तेव्हा जागी झाली आणि विचारते, "कोणाचा वाढदिवस आहे?"

आता माझा प्रश्न. सिग्नल गेला तर गेला, ते कळेल. पण "भरवशाचा वाटला नाही" म्हणजे काय? सिग्नल चालू आहे पण खोटं सांगतोय, असं होऊ शकतं? आणि होत असेल तर आत बसलेल्या माणसाला ते कळतं कसं?

बोकोबा

आमच्या डिशटीव्हीचंही असंच आहे. चार थेंब पडले की सिग्नल भरवशाचा वाटत नाही. पण आम्ही परत वर जात नाही, गच्चीवर जातो.

शंकासुर

कॅप्टन असंच गोड काहीतरी सांगतात हो. उंची जास्त राहिली असेल, वेग आवरला नसेल. स्वतःची चूक माइकवर कोण सांगतं?

कॅप्टन_घाटी

शंकासुर, तसंही असू शकतं, पण म्हणून लगेच संशय नको. मी स्वतः चालवतो (कुठे, ते विचारू नका), तेव्हा थोडं सविस्तर सांगतो.

विमानाला उतरण्याची वाट दाखवणाऱ्या ज्या यंत्रणेला आम्ही आयएलएस म्हणतो त्यात जमिनीवरची दोन वेगळी उपकरणं असतात. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला लोकलायझर, तो डावं-उजवं सांगतो. अलीकडच्या टोकाजवळ बाजूला एक उंच खांब असतो, तो ग्लाइडस्लोप, वर-खाली सांगतो. दोघांचं तत्त्व एकच. दोन सूर सोडायचे, एक ९० हर्ट्झचा, दुसरा १५० हर्ट्झचा. ग्लाइडस्लोपच्या बाबतीत योग्य रेषेच्या वर ९० जोरात ऐकू येतो, खाली १५०. दोन्ही सारखे असले की तुम्ही बरोबर रेषेवर, म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन अंशांच्या उतारावर. विमानातला रिसीव्हर दोघांतला फरक काढतो आणि काटा हलवतो.

सूरच आले नाहीत तर काट्यावर लाल पट्टी येते, त्याला फ्लॅग म्हणतात. फ्लॅग आला की भांडणच मिटलं. खिडकीवाल्यांचा प्रश्न आहे तो फ्लॅग न येता काटा चुकीचा असण्याचा. होतं. क्वचित, पण होतं.

पाटलीणबाई

म्हणजे वाण्याच्या तराजूसारखं! दोन पारडी, मध्ये काटा. मग दोन्ही पारडी रिकामी असली तरी काटा मध्येच राहणार की.

कॅप्टन_घाटी

पाटलीणबाई, दंडवत घ्या. पुढच्या पोरांना शिकवताना हेच वापरणार. एक छोटी दुरुस्ती: पारडी खरंच रिकामी असली तर फ्लॅग येतो, तेवढी सोय केलेली आहे. घात होतो तो दोन्ही पारड्यांत कोणी सारखंच वजन वेल्ड करून ठेवलं तर. मग तुम्ही गूळ टाका नाहीतर टाकू नका, काटा हलत नाही आणि दिसायला तराजू एकदम ठणठणीत.

हे कल्पनेतलं नाही. २९ जुलै २००० ला सामोआत घडलंय. एअर न्यूझीलंडचं बोइंग ७६७, फ्लाइट ६०, रात्री आपियाच्या फालेओलो विमानतळावर उतरत होतं. ग्लाइडस्लोपचा काटा अगदी मध्यावर. इतका मध्यावर की जरासुद्धा हलत नव्हता. फ्लॅग नाही. ऑटोपायलटने तोच मार्ग धरला. वैमानिक खूश, कारण सगळं कसं रेषेवर. प्रत्यक्षात विमान धावपट्टीच्या साडेपाच-सहा सागरी मैल अलीकडे होतं आणि पाण्यापासून ४०० फुटांच्याही खाली गेलं होतं. तिथे उंची हवी होती पावणेदोन हजारांच्या आसपास. कॉकपिटमध्ये कोणाला बाहेरचे दिवे जागच्या जागी वाटेनात, कोणाला अंतर आणि उंची जुळेना, आणि त्यांनी वर ओढलं. पुढच्या खेपेला ग्लाइडस्लोपकडे ढुंकूनही न बघता, लोकलायझर आणि अंतर एवढ्यावर सुखरूप उतरले.

खिडकीवाला

बाप रे. काटा हलत नाही म्हणून खूश, आणि तीच खूण होती!

शंकासुर

पण जमिनीवरच्या माणसांना कळलं नाही? एवढं महत्त्वाचं यंत्र, त्याला राखणदार नाही?

आबा_नॅव्हएड

आता मला लिहिणं भाग आहे. ३३ वर्षं याच यंत्रांची राखण करण्यात गेली, आता निवृत्त. हाताने टाइप करतो, चुका पोटात घाला.

शंकासुर, राखणदार असतो. ग्लाइडपाथच्या (कॅप्टनसाहेबांचा ग्लाइडस्लोप तोच) खांबासमोर थोड्या अंतरावर एक छोटा अँटेना असतो, मॉनिटर. त्याचं काम एकच, आपल्याच ट्रान्समीटरचा सिग्नल ऐकत राहायचं. मर्यादेबाहेर गेला की अलार्म, राखीव ट्रान्समीटर चालू. तोही नीट नसेल तर सगळं बंद. साध्या दर्जाच्या आयएलएसला यासाठी जास्तीत जास्त लोकलायझरला १० सेकंद आणि ग्लाइडपाथला ६ सेकंद मिळतात, वरच्या दर्जाला त्याहून कमी. म्हणजे खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा नियम यंत्रातच घातलेला आहे. माणसांतही घालता आला असता तर बरं झालं असतं.

एक आठवण सांगतो. विमानतळ सांगत नाही. पावसाळ्यानंतरचे दिवस, गवत कमरेएवढं. ग्लाइडपाथचा सिग्नल समोरच्या जमिनीवरून परावर्तित होऊन बनतो. जमीन म्हणजे त्याचा आरसाच. म्हणून समोरचं गवत कापावं लागतं, पाणी साचू द्यायचं नाही, आणि तिथे काहीही उभं करायचं नाही. गवत कापायला कंत्राटदाराचा ट्रॅक्टर आलेला. साडेबाराला टॉवरचा फोन, "आबा, ग्लाइड गेला." जीप काढून गेलो. बघतो तर ट्रॅक्टर बरोबर नको त्या जागी उभा आणि ड्रायव्हर ट्रॉलीच्या खाली पाय पसरून भाकरी-ठेचा खातोय. म्हटलं, बाबा रे, अख्ख्या मैदानात तुला हीच जागा सापडली? तर म्हणतो, "साहेब, बाकी कुठं सावलीच नाय. ट्रॅक्टरच आणला की सावली."

त्याला हलवलं, यंत्र तपासलं, परत चालू केलं. मी पण अर्धी भाकरी खाल्ली. पण बघा, त्या दिवशी यंत्र प्रामाणिक वागलं. बिघडलं आणि गप्प बसलं.

धोका कधी? दुरुस्ती चालू असताना. तेव्हा आम्ही मॉनिटर बायपास करतो, नाहीतर पेचकस लावला की यंत्र बंद पडत राहील. म्हणजे राखणदाराला चहाला पाठवायचं आणि मग तिजोरी उघडायची. आपियाला तेच झालं. बांधकामात टॉवरकडे जाणारी केबल तुटली होती, त्यामुळे यंत्राची अवस्था टॉवरला दिसत नव्हती. यंत्र बायपासवर राहून गेलं आणि बिघडलेला ट्रान्समीटर हवेत. कॅप्टनसाहेबांनी सांगितलेली वेल्ड केलेली पारडी ती हीच: वजनाचा भाग जात होता, फरक दाखवणारा भाग जातच नव्हता.

बोकोबा

आबा, "ट्रॅक्टरच आणला की सावली" हे मी आता स्टेटसला ठेवतोय. 🙏

कल्याण_स्लो

आबा +१. असं लिहीत जा हो, टायपिंगचं आम्ही बघतो.

मला एक कळत नाही. यंत्राला ओळख असते ना? मी ऐकलंय की वैमानिक मोर्सकोड ऐकतात. मग दुरुस्तीवर असताना ती ओळख काढून घेतली की झालं.

आबा_नॅव्हएड

काढतोच. दुरुस्तीवेळी ओळख बंद ठेवायची हा नियमच आहे. पण मोर्सची ओळख जाते लोकलायझरवरून. ग्लाइडपाथला स्वतःची वेगळी ओळखच नाही. लोकलायझर धडधाकट आणि ग्लाइड आजारी असेल, तर वैमानिकाला ओळख स्वच्छ ऐकू येणार.

अदिती_म्युनिक

ट्रॅक्टरवरून आठवलं. मी म्युनिकला राहते. इथल्या विमानतळावर ३ नोव्हेंबर २०११ ला ट्रॅक्टरच्या जागी विमानच आलं होतं. मॅंचेस्टरहून आलेलं सिंगापूर एअरलाइन्सचं ७७७ धावपट्टी ०८ उजवीवर ऑटोपायलटने उतरत होतं. त्याच धावपट्टीवरून त्याच्या पुढे एका छोट्या जेटने उड्डाण केलं आणि ते लोकलायझरच्या अँटेनावरून गेलं. तेवढ्या काही क्षणांसाठी सिग्नल वाकला. ऑटोपायलट त्या वाकड्या सिग्नलच्या मागे गेला. अगदी टेकायच्या वेळी! विमान डावीकडे गवतात शिरलं, मग धावपट्टी आडवी ओलांडून उजवीकडच्या गवतात जाऊन थांबलं. कोणाला काही झालं नाही.

गंमत ही, की यात कोणतंच यंत्र बिघडलेलं नव्हतं. दाट धुकं असतं तेव्हा टॉवर दोन विमानांत जास्त अंतर ठेवतो, अँटेनासमोरची जागा मोकळी राखतो. त्या दिवशी तशी परिस्थिती जाहीर नव्हती, म्हणून जागा राखलेली नव्हती. वैमानिक मात्र ऑटोलँड करत होते आणि ते टॉवरला माहीत नव्हतं.

शंकासुर

म्हणजे हवा चांगली होती म्हणून गोंधळ झाला! वा.

कॅप्टन_घाटी

शंकासुर, चेष्टेत बोललात पण खरं आहे. धुक्यात सगळे सावध असतात. बऱ्या हवेत ऑटोलँडचा सराव करायचा असेल तर आम्ही टॉवरला आधी सांगतो, आणि हात कंट्रोलवर तयार ठेवतो.

रेवदंडेकर

धागा वाचून आजोबा आठवले. आमच्याकडे याला चकवा म्हणतात. रात्री माणूस रोजच्या पायवाटेने निघतो, वाट तीच वाटते, पायाखालची दगडंसुद्धा ओळखीची वाटतात, आणि पहाटे बघतो तर भलत्याच डोंगराच्या कडेला उभा. आजोबा सांगायचे, वाट चुकली असं वाटतं तेव्हा चकवा नसतो. सगळं बरोबर चाललंय वाटतं तेव्हा असतो.

पाटलीणबाई

आणि चकवा लागला की जागच्या जागी बसून राहायचं, उजाडेपर्यंत. आमच्या घाटावर पण हेच.

कॅप्टन_घाटी

विमानात बसून राहता येत नाही हो, तिथे वर जायचं. पण रेवदंडेकर, तुमचा चकवा आमच्या पुस्तकात आहे बरं का. ग्लाइडस्लोप जमिनीच्या परावर्तनातून बनत असल्याने खऱ्या तीन अंशांच्या रेषेच्या वर आणखी खोट्या रेषा तयार होतात. नऊ अंशांच्या आसपास एक, काही ठिकाणी सहाच्या आसपास. बिघाड नाही हा, स्वभावच आहे. म्हणून नेहमी खालून येऊन रेषा पकडायची असं शिकवतात. खालून येणाऱ्याला आधी खरी रेषा भेटते. पण कंट्रोलरने उशिरा खाली सोडलं, मागून वारा असला, की आपण वर राहतो आणि वरून पकडायला जातो. तिथे चकवा बसलेला असतो.

१३ मार्च २०१२ ला पॅरिसच्या शार्ल द गोलवर एअर फ्रान्सचं ए३४० असंच वरून आलं. कमी दृश्यमानता, ऑटोपायलट चालू. त्याने वरची खोटी रेषा पकडली आणि तिच्या मागे जायला नाक उचललं. एक अंशावरून थेट २६ अंशांपर्यंत! पुढच्याच वर्षी, ३१ मे २०१३ ला, नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला एक ७३७-८०० वरून आलं, नाक असंच उचललं गेलं, वेग घसरला, कंट्रोल थरथरायला लागला (म्हणजे विमान सांगतं, आता मी उडू शकत नाही). वैमानिकांनी सावरलं. डच सुरक्षा मंडळाने त्यावर तपास केला तेव्हा कळलं की त्या वरच्या पट्ट्यात संकेत उलटा होतो. खाली जायला हवं तिथे यंत्र वर जा म्हणतं, आणि ऑटोपायलट म्हणजे सांगकाम्या. जा म्हटलं की जातो.

गणकयंत्र

एवढं सगळं रामायण कशाला? २०२६ मध्ये आपण ९० हर्ट्झ आणि १५० हर्ट्झच्या गोष्टी करतोय. गवत कापा, ट्रॅक्टर हलवा, खांब राखा. सॅटेलाइटवरून उतरा ना. आपली स्वतःची गगन नावाची सॅटेलाइट यंत्रणा आहे. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानात किशनगडला इंडिगोचं एटीआर गगन वापरून उतरलं सुद्धा. जमिनीवर काही बसवायची गरजच नाही.

शंकासुर

गणकयंत्र, तुम्ही बातम्या वाचता की नाही? मार्च २०२५ मध्ये आपल्या पुण्याच्या मोहोळांनी, विमान वाहतूक राज्यमंत्र्यांनी, लोकसभेत सांगितलंय: नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला, जीपीएसमध्ये गडबड झाल्याच्या ४६५ घटना. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीचं काय झालं? धावपट्टी १० वर जीपीएसच्या पद्धतीने उतरणाऱ्या विमानांना खोटे सिग्नल. सरकारनेच संसदेत सांगितलं की बाकीच्या धावपट्ट्यांवर जमिनीवरची यंत्रं चालू होती, तिथे परिणाम झाला नाही. म्हणजे शेवटी कोण कामाला आलं? आबांचा खांब!

(मी आयएलएसची बाजू घेईन असं आज सकाळी कोणी सांगितलं असतं तर पैज लावली असती.)

बोकोबा

धाग्याने शंकासुराला देव केलं. स्क्रीनशॉट घेतलाय.

कॅप्टन_घाटी

दोघांचंही थोडं थोडं खरं. सॅटेलाइटवरून येणारा सिग्नल अंतराळातून येतो, जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो, त्यामुळे त्याला दाबणं किंवा फसवणं स्वस्त आहे. आयएलएस जवळून आणि जोरात बोलतं. त्याला मुद्दाम फसवायचं तर विमानतळाच्या जवळपास यावं लागेल.

आणखी एक. आयएलएसला तुमच्या उंचीमापकाशी देणंघेणं नसतं, रेषा हवेत आखलेली असते. २३ मे २०२२ ला शार्ल द गोललाच (हो, पुन्हा तेच) एका ए३२० ला हवेच्या दाबाचा आकडा १००१ ऐवजी १०११ दिला गेला. ते सॅटेलाइटच्या पद्धतीने, उंची दाबावरून मोजत येत होते. दहा मिलिबारचा फरक म्हणजे सुमारे २८० फूट. पाऊस, ढग, बाहेर काही दिसेना. थेट जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ उंचीमापकावर नोंदली गेलेली सर्वांत कमी उंची सहा फूट. धावपट्टी अजून पाऊण मैलाच्या वर लांब होती. सहा फूट म्हणजे दाराची चौकट सुद्धा नाही. ते आयएलएसवर असते तर काट्याने तेव्हाच वर ये म्हणून सांगितलं असतं.

गणकयंत्र

ठीक आहे, माघार घेतो. अर्धी.

कल्याण_स्लो

मोबाइल चालू ठेवला तर आयएलएस बिघडतं का? खरं सांगा, माझा एक मित्र कधीच बंद करत नाही.

आबा_नॅव्हएड

मित्राला सांगा बंद कर, नियम आहे. पण मला जास्त काळजी एफएम रेडिओची वाटायची. एफएमचा पट्टा संपतो १०८ मेगाहर्ट्झला आणि लोकलायझरचा सुरू होतो तिथेच, १०८.१ पासून. सख्खे शेजारी. एखादं जोरदार एफएम केंद्र विमानतळाजवळ असेल तर लोकलायझरच्या कानाशी ढोल वाजवल्यासारखं. म्हणून विमानातल्या रिसीव्हरना एफएमचा त्रास होऊ नये यासाठी आंतरराष्ट्रीय मानकं कडक केलेली आहेत.

पाटलीणबाई

मला भीती वाटायला लागली आहे. पुढच्या महिन्यात नागपूरला जायचंय.

कॅप्टन_घाटी

पाटलीणबाई, निवांत जा. आपिया, म्युनिक, पॅरिस, आइंडहोवेन, या सगळ्या गोष्टींत माणसं घरी गेली. कोणीतरी काट्यावर विसंबलं नाही, किंवा वेळेत हात घातला, म्हणून.

जी गोष्ट अशी संपली नाही ती गुआमची. ६ ऑगस्ट १९९७, कोरियन एअर ८०१, बोइंग ७४७. तिथे ग्लाइडस्लोप दुरुस्तीसाठी बंद होता, तशी सूचनाही वैमानिकांकडे होती. तरी शेवटच्या काही मिनिटांत कॉकपिटमध्ये ग्लाइडस्लोप चालतोय की नाही यावर बोलणं झालं, कारण काट्यात काहीतरी हालचाल दिसत असावी. त्यातच अंतर मोजायचं यंत्र विमानतळावर नव्हतं, धावपट्टीच्या ३.३ सागरी मैल अलीकडे टेकडीवर होतं. विमान त्याच टेकडीवर आदळलं. २५४ पैकी २२८ माणसं गेली. जमिनीवर रडारशी जोडलेली, विमान फार खाली आलं की कंट्रोलरला सांगणारी यंत्रणा होती, पण नको तेव्हा वाजते म्हणून तिला बराच मोठा भाग न बघायला सांगून ठेवलेलं होतं. म्हणजे आबांच्या भाषेत, राखणदार चहाला.

आबा_नॅव्हएड

हो. हे सांगताना दरवेळी पोटात कालवतं. आमच्या प्रशिक्षणात हा अहवाल होता. वर्ग संपल्यावर कोणी चहाला उठलं नाही.

रेवदंडेकर

🙏

खिडकीवाला

मंडळी, माझ्या मूळ प्रश्नाला तुम्ही धाग्याच्या दहापट मोठं उत्तर दिलंत. पण एक राहिलं. आमच्या कॅप्टनबाईंना नक्की काय दिसलं असेल? बाहेर ढग, काटा मध्यावर. मग कशावरून ठरवलं की भरवसा नाही?

कॅप्टन_घाटी

त्या विमानात मी नव्हतो, तेव्हा त्यांना काय दिसलं हे सांगणं म्हणजे लांबून नाडी बघणं. काटा अचानक थरथरला असेल. टॉवरने आधीच सांगितलं असेल की कोणीतरी तक्रार केलीय. खाली उतरण्याचा वेग नेहमीचा नसेल: साधारण वेगाने येणारं जेट तीन अंशांवर मिनिटाला ७००-७५० फूट उतरतं, तिथे २,००० दिसायला लागलं तर काटा मध्यावर असो नाहीतर नसो, चकवा आहे.

पण रोजच्या कामातलं सगळ्यात साधं हत्यार सांगतो, ते पहिलीच्या पोराला येतं. तीनाचा पाढा. धावपट्टी दहा सागरी मैलांवर? तीन दाहे तीस, म्हणजे ३,००० फूट. सहा मैल? तीन सक अठरा, १,८०० फूट. विमानतळ समुद्रसपाटीपासून जेवढा उंच, तेवढं त्यात मिळवायचं. प्रत्येक पद्धतीच्या नकाशावर अंतर आणि उंचीचा तक्ता छापलेला असतो, पण तो डोक्यात हवा. एक जण मैल वाचतो, दुसरा उंची सांगतो. आपियाला तीन सक चारशे आलं म्हणून ते वाचले.

शंकासुर

आणि अंतर सांगणारं यंत्रच चुकीच्या टेकडीवर बसवलेलं असेल तर?

कॅप्टन_घाटी

म्हणून ते कुठे बसवलंय हे उतरण्याआधी मोठ्याने वाचायचं. मी रोज वाचतो. माझा फर्स्ट ऑफिसर कंटाळतो, कंटाळू दे.

आबा_नॅव्हएड

मला विचाराल तर, खिडकीवाले, तुमच्या त्या विमानतळावर एखादा ट्रॅक्टरही असेल. आपल्याला कळणार नाही. पण बाईंनी नंतर टॉवरला सांगितलं असणार, टॉवरने खाली फोन केला असणार, आणि कोणीतरी जेवण टाकून जीप काढली असणार. गरज वाटली तर कॅलिब्रेशनचं विमान येतं, त्याच मार्गाने वर-खाली चकरा मारत सिग्नल मोजतं. तसंही ते ठरावीक महिन्यांनी येतंच. त्याच्या चकरा चालू असल्या की आजूबाजूच्या सोसायट्यांतून तक्रारी, "एकच विमान कितीदा उतरतंय, वैमानिक शिकाऊ आहे का?"

बोकोबा

आबा, ती तक्रार मीच केली होती. माफी.

कल्याण_स्लो

😂😂

खिडकीवाला (नऊ दिवसांनी)

धागा वर काढतोय, कारण हिशेब द्यायचा आहे.

परवा पुण्याला परत आलो, पोरगी बरोबर. खिडकीची सीट, फोन एरोप्लेन मोडवर, जीपीएस खिडकीच्या काचेला चिकटवून, मांडीवर वही. पोरीला सांगितलं, तू मैल वाच, मी उंची तपासतो. बारा मैल: छत्तीसशे हवं, दाखवतंय पाच हजारांच्या वर. दहा मैल: तीन हजार हवं, दाखवतंय जवळपास पाच हजार. आठ मैल: चोवीसशेच्या जागी चार हजार तीनशे. माझ्या हाताला घाम. वरून पकडतायत, चकवा आहे, नऊ अंश, सगळं डोळ्यांसमोर आलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का, आवळासुपारी देऊ का.

विमान अगदी लोण्यासारखं टेकलं.

बॅगांची वाट बघताना पोरगी वही उलगडून बघत होती. म्हणाली, "बाबा, ते काका म्हणाले होते ना विमानतळाची उंची मिळवायची? पुणं एकोणीसशे फुटांवर आहे. तू पुणं मिळवलंच नाहीस."

कॅप्टन_घाटी

पोरीला अठरा पूर्ण झाली की माझ्याकडे पाठवा. तोपर्यंत तुम्ही आवळासुपारी खा.